कर्जाचा बोजा असलेली सदनिका विकत घेताना : विसार पावतीपासून भाग प्रमाणपत्रापर्यंत

पुनर्विक्रीच्या सदनिकेवर विक्रेत्याचे गृहकर्ज शिल्लक असणे आता अपवादात्मक राहिलेले नाही. असा व्यवहार म्हणजे नसती कटकट असे समजून काही जण मागे फिरतात, तर काही जण ‘बँकेचं बँक बघून घेते’ या मध्यस्थाच्या आश्वासनावर विसंबून सही करतात. बोजा असलेली सदनिका निर्धास्तपणे घेता येते. मात्र कोणती रक्कम कोणत्या कागदाच्या बदल्यात, कोणाच्या नावे आणि केव्हा द्यायची, हा क्रम करारनाम्याच्या मसुद्यातच ठरलेला असावा लागतो. पुढील विवेचन महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेपुरते मर्यादित आहे. सोयीसाठी एक उदाहरण सर्वत्र वापरले आहे : पुणे महापालिका हद्दीतील सदनिका, किंमत ८० लाख रुपये, विक्रेत्याचे शिल्लक कर्ज ३२ लाख आणि खरेदीदार स्वतः घेणार असलेले कर्ज ६० लाख.

विसार देण्याआधी

विक्रेत्याचे मूळ दस्त बँकेत असतात, त्यामुळे आपल्या हाती पडतात त्या छायाप्रती. ही साखळी बिल्डरने पहिल्या खरेदीदारास लिहून दिलेल्या नोंदणीकृत करारनाम्यापासून सुरू होऊन आजच्या विक्रेत्यापर्यंत अखंड यायला हवी आणि प्रत्येक टप्प्याचा करारनामा, नोंदणीची पावती व सूची क्रमांक २, म्हणजे आपण ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतो तो, अशा तिन्ही गोष्टी पाहायला मिळायला हव्यात. मधला एखादा मालक मृत झाला असेल तर तेथे थांबून विचारावे. संस्थेच्या दप्तरी नामनिर्देशन होते म्हणून सदनिका पत्नीच्या नावे झाली, एवढे उत्तर पुरेसे नाही, कारण नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांसाठी विश्वस्ताप्रमाणे असते. मृत्युपत्र नसल्यास हिंदू कुटुंबात पुरुषाच्या पश्चात पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असल्यास आई यांचे समान हक्क येतात आणि त्या सर्वांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवे किंवा सर्वांची करारनाम्यावर सही तरी हवी. वारसांत अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचे, मूल असेल तर नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याचा हिस्सा विकता येत नाही, हे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम ८ सांगते. सख्ख्या नात्यातला व्यवहार म्हणून या परवानगीकडे डोळेझाक केली जाते आणि मूल सज्ञान झाल्यावर तो प्रश्न उभा राहतो.

इमारतीचे कागद हा दुसरा गठ्ठा. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांपैकी शेवटचे नसेल तर किंमत कितीही आकर्षक असली तरी आपल्या बँकेची मंजुरी आधी लेखी घ्यावी. जमिनीची मिळकत पत्रिका किंवा सातबारा पाहून संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण, म्हणजे जमिनीच्या मालकीचे हस्तांतरण, झाले आहे की नाही तेही समजून घ्यावे. ते नसले म्हणून सदनिका घेऊ नये असे नाही, कारण १९६३ च्या मोफा कायद्यात, म्हणजे महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यात, २००८ च्या सुधारणेने मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने टाळल्यास अधिकाऱ्याच्या आदेशाने ते करून घेण्याचा, मार्ग ठेवला आहे. परंतु जमीन मूळ मालकाच्याच नावे असेल तर पुनर्विकासाच्या वेळी त्याची किंमत सर्व सभासदांना मोजावी लागते.

पार्किंगविषयी थोडे सावध राहावे. ‘पार्किंगसह’ या शब्दाला विक्रेता स्वतंत्र किंमत लावतो. परंतु मोफाखाली बिल्डरला मोकळी किंवा स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे. त्यामुळे संस्थेने ती जागा विक्रेत्यास कोणत्या ठरावाने दिली आणि नव्या सभासदास ती आपोआप मिळते काय, हे चिटणिसांना विचारावे.

विसार पावतीत काय असावे

विसार, म्हणजे व्यवहार पक्का करताना दिलेली आगाऊ रक्कम, थोडा द्यावा आणि धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने देणे-घेणे आयकर कायद्याला मान्य नाही. आपल्या उदाहरणात विसार २ लाखांचा धरू. पावतीत सदनिकेचे वर्णन, पूर्ण किंमत आणि करारनाम्याची मुदत यांबरोबर दोन वाक्ये अवश्य घालावीत : नोंदणी कार्यालयातील नोंदींच्या शोधात किंवा जाहीर नोटिशीत हक्काविषयी दोष निघाल्यास अथवा खरेदीदाराच्या बँकेने मालमत्तेच्या कागदपत्रांच्या कारणावरून कर्ज नाकारल्यास विसार अमुक दिवसांत परत मिळेल, आणि सदनिकेवरील सर्व कर्जांची माहिती विक्रेत्याने दिली आहे. या दुसऱ्या वाक्यातील ‘सर्व’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मूळ गृहकर्जाखेरीज त्याच तारणावर टॉप-अप कर्ज घेतलेले असते, त्याचे खाते वेगळे असते आणि विक्रेता ‘कर्ज ३२ लाख आहे’ असे सांगताना ते धरत नाही. बँक मात्र दोन्ही खाती बंद झाल्याशिवाय कागद सोडत नाही.

शोध आणि जाहीर नोटीस

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च सुविधेवर प्राथमिक शोध घरबसल्या घेता येतो. येथे एक बारकावा आहे. जुन्या नोंदी कधी सर्व्हे क्रमांकावर, कधी सिटी सर्व्हे क्रमांकावर, तर कधी केवळ सदनिका क्रमांकावर घेतलेल्या असतात. एका क्रमांकावर काही मिळाले नाही म्हणजे बोजा नाही असे समजून न थांबता तिन्ही प्रकारे आणि गावाच्या हद्दी बदलल्या असल्यास जुन्या गावाच्या नावानेही शोधावे. संपूर्ण शोध वकिलाकडूनच घ्यावा. साधारण तीस वर्षांचा शोध अहवाल मागण्याची प्रथा आहे.

एवढ्याने गहाणाचा पत्ता लागेलच असे नाही. गृहकर्जात बहुधा दस्त जमा करून गहाण ठेवले जाते, त्यामुळे गहाणखत म्हणून वेगळा नोंदणीकृत दस्त झालेला नसतो. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना नोंदणी कार्यालयाकडे ३० दिवसांत दाखल करण्याची तरतूद आहे आणि ती शोधात दिसते. त्याखेरीज केंद्रीय पातळीवरील सरसाई (CERSAI) या गहाणांच्या नोंदवहीत अल्प शुल्क भरून कोणालाही शोध घेता येतो. दोन्ही ठिकाणी पाहावे. विक्रेत्याने सांगितलेल्या बँकेखेरीज दुसऱ्या संस्थेचे नाव निघाले तर पुढची चर्चा त्या कागदापासून सुरू करावी.

‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असलेली जाहीर नोटीस वकिलामार्फत एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात देऊन हरकतींसाठी १४ किंवा १५ दिवस ठेवले जातात. हा केवळ उपचार आहे असे अनेकांना वाटते. परंतु मधल्या मालकाच्या घरात वाद असतील तर पहिली चाहूल येथेच लागते आणि खरेदीदाराने पुरेशी चौकशी केली होती, हे दाखवायलाही तिचा उपयोग होतो.

करारनामा आणि मुद्रांक शुल्क

महाराष्ट्रात ताबा देण्याचे मान्य करणाऱ्या करारनाम्यावरच खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क भरावे लागते, म्हणून प्रत्यक्षात मुख्य दस्त हाच ठरतो. करार किंमत आणि वार्षिक मूल्य दर तक्त्याप्रमाणे (रेडी रेकनर) निघणारे बाजारमूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर शुल्काची आकारणी होते. जुन्या इमारतीला वयानुसार घसारा मिळतो. तो धरून मूल्यांकन करून घेतले नाही तर विनाकारण अधिक शुल्क जाते. पुणे महापालिका हद्दीत स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभारासह दर ७ टक्के आहे, मुंबईत ६ टक्के आहे. निवासी सदनिका केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावे घेतल्यास १ टक्का सवलत मिळते. पतीचे नाव बरोबर आले की ती जाते. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार रुपये.

बाजारमूल्य करार किमतीपेक्षा अधिक नाही असे धरल्यास आपल्या उदाहरणात मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार आणि नोंदणी फी ३० हजार होते. हा खर्च बँक मालमत्तेच्या किमतीत धरत नाही, आणि ३० ते ७५ लाखांच्या दरम्यानच्या गृहकर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातलेली आहे. म्हणजे ६० लाखांचे कर्ज मंजूर असलेल्या खरेदीदाराकडे किमतीतील स्वतःचे २० लाख आणि हे ५ लाख ९० हजार, असे सुमारे २६ लाख रुपये तयार असावे लागतात. वकिलाची फी, संस्थेची फी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क त्याहून वेगळे.

मसुदा वाचताना सर्वाधिक वेळ मोबदल्याच्या परिच्छेदावर द्यावा. मोबदला ‘यथावकाश देण्याचे ठरले आहे’ अशी ढिली भाषा न ठेवता रक्कम, स्वरूप आणि अट अशा क्रमाने लिहावा. आपल्या व्यवहारात तो असा येईल : विसारापोटी १ लाख ९८ हजार, करारनाम्याच्या दिवशी १७ लाख २२ हजार, आयकर कपात म्हणून एकूण ८० हजार (या कपातीचा हिशेब पुढे दिला आहे), आणि उर्वरित ६० लाख खरेदीदाराच्या बँकेकडून, त्यांपैकी ३२ लाख थेट विक्रेत्याच्या कर्जखात्यात आणि २८ लाख विक्रेत्यास. कर्जखात्याची नेमकी रक्कम त्या दिवशी जी असेल ती, आणि फरक विक्रेत्याच्या हिश्शातून वजा, असेही वाक्य हवे. सदनिका ‘निर्वेध व निजोखमी’ असल्याचे छापील वाक्य अशा करारात जसेच्या तसे राहिले तर ते सरळ खोटे ठरते. त्याऐवजी अमुक बँकेचा अमुक खात्याचा बोजा वगळता सदनिका निर्वेध आहे, तो बोजा या व्यवहाराच्या रकमेतून फेडला जाईल आणि मूळ दस्त थेट खरेदीदाराच्या बँकेस दिले जातील, असे स्पष्ट लिहावे.

विक्रेत्याची बाजूही विसरू नये. दस्त नोंदला गेला आणि खरेदीदाराच्या बँकेने कर्ज अडवले तर त्याची सदनिका अडकून पडते. म्हणून ठराविक मुदतीत, समजा ४५ दिवसांत, कर्ज वितरित न झाल्यास रद्दलेख, म्हणजे करार रद्द करणारा दस्त, करून दोघांनी मोकळे व्हावे आणि विसाराचे काय करायचे, याचे कलम दोघांच्याही हिताचे असते.

नोंदणीचा दिवस

मुद्रांक शुल्क ई-चलनाने भरून झाल्यावरच सह्या कराव्यात, कारण शुल्क सहीपूर्वी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेले असावे लागते. उशीर झाल्यास दरमहा २ टक्के दंड सुरू होतो. दस्ताची माहिती संकेतस्थळावर आधी भरून, वेळ आरक्षित करून दुय्यम निबंधक कार्यालयात जावे. छायाचित्र, अंगठ्याचा ठसा आणि ओळख पटवणे ही कामे वेळेत झाली तर फार वेळ लागत नाही. सहीपासून चार महिन्यांत दस्त नोंदणीस सादर करावा लागतो. त्यापुढील चार महिन्यांत नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून तो सादर करता येतो.

दुय्यम निबंधक विक्रेत्याचा हक्क तपासत नाहीत, हे येथे ठळकपणे सांगायला हवे. दस्त नोंदला गेला म्हणजे हक्क निर्दोष ठरला, हा समज फार खोल रुजलेला आहे. कार्यालय पाहते ते शुल्क, ओळख आणि दस्ताचे स्वरूप.

विक्रेता परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्राने काम होते. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवल्यास महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुखत्याराकडून मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती हयात आहे आणि पत्र रद्द झालेले नाही, असे घोषणापत्र त्याच दिवशी घ्यावे. कारण देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर त्याचा अधिकार सामान्यतः संपतो.

एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे

सारा धोका या काही दिवसांत एकवटलेला असतो : पैसे गेलेले असतात आणि मूळ कागद आलेले नसतात. करारनाम्याच्या आधीच विक्रेत्याने आपल्या बँकेकडून दोन पत्रे आणावीत, कर्ज बंद करण्याच्या रकमेचे फोरक्लोजर पत्र आणि बँकेच्या ताब्यातील मूळ दस्तांची यादी, जिला बँकेत एलओडी म्हणतात. यादीतील प्रत्येक दस्त आपल्याजवळच्या छायाप्रतींशी ताडून पाहावा. बिल्डरचा मूळ करारनामा यादीत नसेल आणि विक्रेत्याच्या घरीही नसेल, तर तो हरवल्याची पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात नोटीस आणि नोंदणी कार्यालयाची प्रमाणित प्रत एवढे सोपस्कार आपल्या बँकेला आधीच विचारून पूर्ण करून घ्यावेत.

फोरक्लोजर पत्राला तारीख असते आणि त्यापुढे प्रत्येक दिवसाचे व्याज वेगळे लिहिलेले असते. ३२ लाखांवर ८.५ टक्के दराने ते दिवसाला साधारण साडेसातशे रुपये होते. वितरण आठ दिवसांनी लांबले आणि धनादेश जुन्या रकमेचाच निघाला तर खात्यात सहा हजारांच्या आसपास तूट राहते. रक्कम किरकोळ असली तरी खाते बंद होत नाही आणि कागद सुटत नाहीत. म्हणून धनादेश निघण्याच्या दिवशी रकमेची पुन्हा खातरजमा करावी. विक्रेत्याचे कर्ज बदलत्या दराचे आणि (कंपनीच्या नव्हे तर) व्यक्तीच्या नावे असेल तर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, तेव्हा पत्रात तसा आकार दिसल्यास विक्रेत्याने तो मान्य करू नये.

धनादेश विक्रेत्याच्या नावे न काढता त्याच्या बँकेच्या नावे, कर्ज खाते क्रमांकासह काढावा. याच वेळी विक्रेता आणि सर्व सहकर्जदार यांच्याकडून, मूळ दस्त खरेदीदाराच्या बँकेच्या प्रतिनिधीस देण्यास हरकत नाही असे अधिकारपत्र सही करून घ्यावे. हे नंतरसाठी ठेवले की सहकर्जदार असलेला भाऊ बदलीच्या गावी असतो आणि सगळे खोळंबते.

उरलेले २८ लाख केव्हा द्यायचे, यावर दोन्ही पक्षांत ओढाताण होते. खरेदीदाराला मूळ कागद हाती आल्यावर द्यावेसे वाटते. परंतु रिझर्व्ह बँकेने कर्ज फिटल्यावर दस्त परत करण्यास ३० दिवसांची मुदत दिलेली आहे आणि तेवढे थांबायला विक्रेता तयार नसतो. माझ्या मते, कर्ज फिटल्याचे ना-देय प्रमाणपत्र आणि वरील अधिकारपत्र यांच्या बदल्यात २८ लाखांचा धनादेश देऊन त्याच दिवशी चाव्या व ताबा पावती घेणे, हा दोघांना परवडणारा मार्ग आहे. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेच्या चुकीमुळे ३० दिवसांहून अधिक उशीर झाल्यास कर्जदाराला दररोज ५ हजार रुपये भरपाई मिळते, म्हणून कर्ज फिटल्याच्या तारखेचा लेखी पुरावा विक्रेत्याने जपून ठेवावा. सरसाईतील नोंद आणि गहाणाच्या सूचनेची नोंद कमी झाल्याचेही पाहावे. जुने कर्ज नोंदणीकृत गहाणखताने घेतलेले असेल तर गहाणमुक्तीचा दस्तही नोंदवावा लागतो.

पूर्ण मोबदला पोहोचल्यावर अनेक जण येथेच थांबतात. करारनाम्यावर पूर्ण शुल्क भरलेले असल्याने वेगळ्या विक्रीखताची गरज नाही, असे सांगितले जाते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ मात्र विक्रीचा करार स्वतःहून मालमत्तेत हक्क निर्माण करत नाही, असे स्पष्ट म्हणते. आधी भरलेले शुल्क वजा होऊन विक्रीखतावर नाममात्र शुल्क लागते, तेव्हा विक्रेता उपलब्ध आहे तोवर ते करून घ्यावे. काही वर्षांनी त्याचा पत्ता शोधणे फार महाग पडते.

आयकराची कपात

मोबदला किंवा मुद्रांक मूल्य ५० लाख किंवा अधिक असेल तर निवासी विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कर खरेदीदाराने कापायचा असतो. बँक आपला धनादेश पूर्ण रकमेचा काढते, म्हणून ६० लाखांवरील कपातही स्वतःच्या हिश्शातूनच करावी : विसारातून २ हजार आणि करारनाम्याच्या दिवशी ७८ हजार. ज्या महिन्यात कपात झाली तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत ती भरून विक्रेत्यास प्रमाणपत्र द्यावे. दोन खरेदीदार किंवा दोन विक्रेते असल्यास एकेकाचा हिस्सा ५० लाखांखाली येतो म्हणून कपात टळत नाही. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही. कपात फार मोठी असते, ५० लाखांची मर्यादाही नसते आणि विक्रेत्याने कमी कपातीचे प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी आणलेले बरे. अशा व्यवहारात सनदी लेखापालाची फी वाचवू नये.

संस्थेचे दप्तर

आदर्श उपविधींनुसार सदनिका विकण्यास संस्थेची परवानगी लागत नाही, मात्र खरेदीदाराची बँक आपल्या नमुन्यात संस्थेचे ना-हरकत पत्र मागते, त्यामुळे समितीची बैठक केव्हा आहे ते आधीच विचारावे. विक्रेत्याची थकबाकी नसल्याचे पत्र घ्यावे. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५ हजार रुपयांहून अधिक घेता येत नाही, हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १०० रुपये आहे. देणगीच्या नावाखाली यापलीकडे मागणी आल्यास ती लेखी मागावी, बहुधा तेथेच विषय संपतो. सभासदत्वाच्या परिपूर्ण अर्जावर संस्थेने तीन महिन्यांत निर्णय कळवायला हवा. भाग प्रमाणपत्राच्या (शेअर सर्टिफिकेट) मागील बाजूस आपले नाव, तारीख आणि समितीच्या सह्या आल्या आहेत ना, जुन्या बँकेच्या बोजाची नोंद कमी होऊन नव्या बँकेची झाली आहे ना, हे पाहूनच ते आपल्या बँकेत जमा करावे. मिळकत कर आणि महावितरणचे वीजबिल आपल्या नावे करून घ्यायला इंडेक्स टू पुरेसा आधार ठरतो.

पुढे व्याजदरासाठी कर्ज दुसऱ्या बँकेकडे न्यायचे ठरवल्यास याच प्रक्रियेतील मधला भाग पुन्हा करावा लागतो : फोरक्लोजर पत्र, दस्तांची यादी, बँकेच्या नावे धनादेश, गहाणाची नवी सूचना आणि तिच्यावरील मुद्रांक शुल्क. दरातील फरकाचा हिशेब करताना हे शुल्क आणि नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क धरावे, आणि सध्याची बँक थोड्या शुल्कात दर कमी करून देते का, हे आधी विचारावे. कर्ज सुरू होताच आपल्या बँकेकडून जमा दस्तांची सही-शिक्क्याची यादी घेऊन ती घरच्या फाइलमध्ये ठेवावी, कारण कर्ज फिटल्यावर कोणता कागद परत यायचा आहे हे त्याच यादीवरून सांगता येते.